मुलाच्या गळवाला चिरा कधी द्यावा लागतो?

मे महिन्यात मुलांना गळवं आली की दोष आंब्यांवर जातो. आंबे बिचारे निर्दोष! खाजवलेलं घामोळं, डास चावलेली जागा, अशा बारीक जखमेतून त्वचेवरचेच जंतू आत शिरतात. बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सुरुवातीला लाली आणि कडक सूज असते, तेव्हा अँटिबायोटिकवर भागू शकतं. पण गळू पिकून मधोमध मऊ पडलं, की आत पू साठलेला असतो. पुवाच्या पिशवीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून औषध तिथे पुरेसं पोचत नाही. अशा वेळी चिरा द्यावा लागतो. 'अजून चार दिवस गोळ्या देऊन बघू' म्हणता म्हणता सुपारीएवढं गळू लिंबाएवढं होतं. चुना-गूळ लावू नका, कातडी भाजते. पिळू तर मुळीच नका, त्यातही नाकाजवळचं.

चिरा देताना लहान मुलांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी जेवण आणि वरचं दूध 6 तास, अंगावरचं दूध 4 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद करा. रडतोय म्हणून आजीने बिस्किट दिलं असेल तर लपवू नका. आम्ही रागावणार नाही, वेळ पुढे ढकलू.

चिरा देऊन पू काढतो, आतले कप्पे मोकळे करतो, सलाईनने धुतो आणि पुवाचा नमुना कल्चरला (जंतू कोणते ते बघणाऱ्या तपासणीला) पाठवतो. जखमेला टाके घालत नाही. ती उघडी पाहून पालक दचकतात, पण वरून शिवली तर आत पुन्हा पू साठेल. ती तळापासूनच भरून यायला हवी. गरज असेल तर आत गॉजची वात ठेवतो. ती बदलताना दुखतं, म्हणून अर्धा तास आधी सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या.

घरी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा. लाली रेघेबाहेर पळत सुटली, वरून दिसतं त्या मानाने दुखणं भयंकर असलं, कातडी जांभळी-काळी पडली, मूल मलूल झालं, तर त्वचेखालचे थर सडत असू शकतात. हे क्वचित होतं, पण कांजिण्यांच्या फोडांतूनही सुरू होऊ शकतं. (कांजिण्यांत आयब्युप्रोफेन हे ताप-दुखण्याचं औषध मनाने देऊ नका.) यात सडलेला भाग तातडीने कापून काढतात, 24 ते 48 तासांत जखम पुन्हा उघडून तपासतात, पुढे त्वचारोपणही लागू शकतं. आमच्या छोट्या दवाखान्यात ही सोय नाही. सकाळची वाट न पाहता मुलांचा आयसीयू असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. आम्हाला फोन वाटेतून केलात तरी चालेल.