ध्यान लागत नाही म्हणून पद्धत बदलण्याआधी
(ध्यानवर्गाला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

वर्ग सुटल्यावर आम्हाला हमखास विचारलं जातं, "विचार काही थांबत नाहीत, दुसरं काही सांगता का?" चपला घालता घालता याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून ते इथे छापून देत आहोत.

विचार येणारच. पतंजलींच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात (म्हणजे प्रकरणात) चित्ताला एका जागी बांधणं म्हणजे धारणा आणि त्याच एका विषयावर ते अखंड वाहू लागलं की ध्यान, असा क्रम दिला आहे. थेंब थेंब पडणारं पाणी आणि तेलाची धार, ही त्याची परंपरेतली उपमा. आपण रोज बसून करतो ती धारणाच. पाटीवर 'ध्यानवर्ग' लिहिलंय, कारण 'धारणावर्ग' लिहिलं तर चौकशीलाही कोणी फिरकणार नाही.

बैठकीची चिंता करू नका. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, इतकीच सूत्राची अट आहे. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्ची घ्या, फक्त पाठ टेकू नका.

खरा वेळ वाया जातो तो धरसोडीत. पहिला आठवडा श्वास, मग कोणी सांगितलं म्हणून मंत्र, मग व्हिडिओ बघून त्राटक (एका बिंदूकडे एकटक बघणं), मग मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप. दर वेळी पहिले काही दिवस छान जातात, कारण नव्या गोष्टीत मन आपसूक रमतं. नवलाई ओसरली की ते पुन्हा भटकतं आणि 'ही पद्धत मला मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. कंटाळा येतो तिथे खरा अभ्यास सुरू होतो आणि नेमकं तिथूनच लोक उठून जातात. वर्षभर असं केलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याला दहा पद्धती तोंडपाठ असतात आणि पाच मिनिटं बसणं जमत नाही.

ही अडचण आजची नाही. पतंजलींनी पहिल्या पादात (१.३०) नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, मोजलेत. त्यात संशय आहे, आळस आहे, आणि शेवटचे दोन म्हणजे पायरी हाताला न लागणं आणि लागली तरी तिथे न टिकणं. त्यावरचा उपाय १.३२ मध्ये आहे: एकतत्त्वाभ्यास, एकाच तत्त्वाचा सराव. काही जण १.३९ दाखवतात, 'जे आवडेल त्याचं ध्यान करा असंच म्हटलंय की!' म्हटलंय खरं. पण ती मोकळीक निवडीला आहे, दर सोमवारी नव्याने निवडायला नाही.

सरावासाठी श्वास निवडला असेल तर असं करा. लक्ष नाकपुडीच्या कडेला ठेवा. हवा आत येताना किंचित गार लागते, बाहेर जाताना कोमट. चार-पाच श्वासांत मन 'गॅस बंद केला का?' इथे पोचलेलं असेल. ते लक्षात आलं की स्वतःवर चिडू नका, किती मिनिटं झाली ते बघू नका, पुढचा श्वास धरा. मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावं, असं गीतेच्या सहाव्या अध्यायातही (६.२६) आहे. वीस मिनिटांत ते पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा आणलंत, तर आमच्या हिशेबी ती बैठक उत्तम झाली.

दर महिन्याला नवीन तंत्र शिकवत नाही, पार्श्वसंगीत लावत नाही, म्हणून आमचा वर्ग रुक्ष वाटतो हे आम्ही ऐकून आहोत. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच मुरतो, असं सूत्र (१.१४) सांगतं. म्हणून रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं आम्ही मागतो.

आम्ही नोंदींची वही ठेवायला सांगतो, तिच्याबद्दलही कुरकुर असते: ध्यानाला आलो, झोपेच्या आणि भांडणाच्या नोंदी कशाला? योगाच्या आठ अंगांत यम-नियम (वागणुकीची आणि स्वतःच्या शिस्तीची बंधनं) आधी येतात ते उगाच नाही. दुपारी कोणाशी खोटं बोललेला माणूस संध्याकाळी डोळे मिटून त्याचीच जुळवाजुळव करत बसतो. अति खाणाऱ्याला, मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि जागरण करणाऱ्याला योग साधत नाही, हे गीतेनंही (६.१६) बजावलंय. वही आम्ही तपासत नाही, ती तुमच्यापाशीच राहते.

तुम्हाला गुरूंकडून मंत्र मिळाला असेल तर तोच चालू ठेवा, आम्ही तो बदलायला सांगणार नाही. ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी प्रवेशाआधी एक स्वतंत्र भेट असते. त्यात तुमचा स्वभाव आणि दिनक्रम बघून आलंबन, म्हणजे मन टेकवायचा विषय, ठरवतो. मध्ये खंड पडलेल्या जुन्या साधकांनी संकोच न करता यावं, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नैराश्य किंवा घाबरेपणाचे झटके यांवर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. अशा वेळी आम्ही बैठक छोटी आणि डोळे उघडे ठेवून घेतो.

आणि फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवा, तोही पूर्ण बंद करून. व्हायब्रेटवरचा फोन शांत खोलीत सगळ्यांना ऐकू येतो.