पोस्टग्रेएसक्यूएल सर्व्हर : मेमरीवापराचे निदान

पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस चालणाऱ्या लिनक्स सर्व्हरची मेमरी कशात गुंतली आहे आणि त्यात धोका आहे का, हे शोधण्याची पद्धत. रॅम ९० टक्के भरल्याचा अलर्ट म्हणजे बिघाडच, असे नाही. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशला देते आणि गरज पडताच बरीचशी परत घेते. डेटाबेसला त्या कॅशचा फायदाच होतो. म्हणून ‘फ्री’ कमांडमध्ये ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा.

प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’ कमांडमध्ये दुसरी फसगत होते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची स्वतंत्र प्रोसेस असते. शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटाची पाने ठेवण्याची पोस्टग्रेसची मेमरी, सगळ्यांचे सामाईक, पण प्रोसेसने त्यातली जेवढी पाने हाताळली तेवढी तिच्या ‘रेस’ (वापरातली रॅम) रकान्यात धरली जातात. त्यामुळे हे आकडे बेरजेला घेऊ नयेत. बेरीज प्रत्यक्ष रॅमच्याही पुढे जाऊ शकते. प्रोसेसची खासगी मेमरी ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या तिच्या ‘स्टेटस’ फाइलीत ‘आरएसएस अ‍ॅनॉन’ या ओळीत मिळते.

खासगी मेमरी अचानक उसळली तर आधी ‘वर्क मेम’ तपासावे. हे सेटिंग मुळात ४ एमबी असते. ही मर्यादा कनेक्शनमागे नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट (क्रमवारी) किंवा हॅश (जुळणी वा गटांसाठीचा तक्ता) यांच्यामागे असते, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. आवृत्ती १५ पासून हॅशला तिच्या दुप्पट मुभा मिळते, शिवाय एकच क्वेरी वाटून चालवणारे पॅरलल वर्कर आपापला वाटा वेगळा घेतात. एका रिपोर्टसाठी सर्व्हरभर २५६ एमबी ठेवले, तर चार हॅश असलेली आणि तीन प्रोसेसमध्ये चालणारी एकच क्वेरी ६ जीबीपर्यंत जाऊ शकते. मोठे मूल्य त्या सेशनपुरते किंवा त्या युजरपुरतेच द्यावे.

मेमरी दिवसेंदिवस हळूहळू चढत असेल तर कारण बहुधा वेगळे असते. पूलमधले, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी उघडे ठेवलेले, कनेक्शन दीर्घकाळ जिवंत राहते आणि हाताळलेल्या प्रत्येक टेबलाची माहिती स्वतःपाशी साठवते. हजारो पार्टिशन (टेबलाचे तुकडे) असतील तर हा साठा मोठा होतो. आवृत्ती १४ पासून ‘पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स’ या फंक्शनला प्रोसेसचा क्रमांक दिला की तिचा तपशील लॉगमध्ये उतरतो. त्यात ‘कॅशमेमरीकॉन्टेक्स्ट’, म्हणजे हाच साठा, फुगलेला दिसला तर पूलमध्ये कनेक्शनचे आयुष्य मर्यादित करावे.

पेज टेबल, म्हणजे प्रोसेसची पाने रॅममध्ये कुठे आहेत याच्या नोंदी, सहसा कोणी तपासत नाही. ८ जीबी शेअर्ड बफर्स म्हणजे ४ केबीची सुमारे २१ लाख पाने. प्रत्येक पानाची नोंद ८ बाइटची, म्हणून सगळे बफर्स हाताळलेल्या एका प्रोसेसमागे १६ एमबी. अशी ३०० कनेक्शन असली तर जवळपास ४.७ जीबी निव्वळ नोंदींत जातात, आणि ती कोणत्याच प्रोसेसच्या ‘रेस’मध्ये दिसत नाहीत. ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलीतील ‘पेजटेबल्स’ ओळीत ती सापडतात. २ एमबीची ह्यूज पेजेस लावली की प्रोसेसमागचा हाच खर्च काही केबींवर येतो.

रॅम खरोखर संपली तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम, म्हणजे ‘आउट ऑफ मेमरी’, किलर एखादी प्रोसेस मारतो. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ‘सिग्नल ९’ची, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारल्याची, नोंद येते. सामाईक मेमरी अर्धवट अवस्थेत राहिली असण्याच्या शक्यतेमुळे मुख्य प्रोसेस सर्व कनेक्शन तोडून रिकव्हरी सुरू करते. ‘ओव्हरकमिट मेमरी’ हे कर्नलचे सेटिंग २ (ठरावीक मर्यादेपलीकडे मेमरी न देणे) ठेवल्यास सहसा फक्त त्या क्वेरीला मेमरी संपल्याची एरर मिळते, बाकीचे काम चालू राहते. मात्र सोबतचे ‘ओव्हरकमिट रेशो’ मुळात ५०, म्हणजे रॅमच्या ५० टक्के, असते. स्वॅप नसलेल्या सर्व्हरवर ते न वाढवल्यास निम्मी रॅम शिल्लक असतानाच एरर येऊ लागतात.