सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचा डॅम्पर तपासताना

एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आयडलला इतकं शांत का चालतं, हे क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) रचनेवरून कळतं. 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4 हे पिस्टन जोडीनेच वर-खाली होतात आणि या तीन जोड्यांत 120 अंशांचं अंतर असतं. त्यामुळे पिस्टनच्या हालचालीचे झटके आपसांतच फिटतात. फेऱ्यांच्या दुप्पट वेगाने येणारी जी थरथर साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात उरते, तीही इथे उरत नाही.

अडचण आहे ती लांबीची. प्रत्येक ज्वलनाला लांब क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि सुटतो. एखाद्या वेगाला ही पिळवट शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की ती वाढत जाते. रोल्स-रॉईसच्या सुरुवातीच्या 30 अश्वशक्तीच्या गाडीत क्रँकशाफ्ट याच कारणाने तुटत. मागचं टोक जड फ्लायव्हीलने धरलेलं असतं, त्यामुळे पिळवट पुढच्या टोकाला सर्वाधिक. म्हणून ही पिळवट शोषून घेणारा डॅम्पर तिथेच बसवतात.

पुढच्या काळातल्या अनेक इंजिनांत हा डॅम्पर म्हणजे आतला हब, बाहेरची जड रिंग आणि मध्ये रबर. रबर वयाने कडक होतं, पुढच्या सीलमधून गळणाऱ्या ऑइलने फुगतं, मऊ पडतं. मग रिंग हबवर सरकते. टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडावी हे जुळवण्याची खूण रिंगवरच असेल, तर तीही सरकते! खूण 10 अंश सरकली असेल, तर टायमिंग लाइटने जुळवलेलं इग्निशनही 10 अंशांनी चुकतं. एका बाजूला चुकलं तर इंजिन नॉकिंग करतं, दुसऱ्या बाजूला चुकलं तर तापतं आणि ओढत नाही. मेकॅनिक मात्र कार्ब्युरेटर खोलत बसतो.

ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर असलेल्या) इंजिनात खात्री अशी करा. बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा, पहिल्या सिलिंडरचे रॉकर ढिले करून त्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला पूर्ण वर जाण्याआधी अडवणारा बोल्ट) लावा. इंजिन पान्याने सावकाश फिरवा (स्टार्टरने कधीच नाही), पिस्टन टेकला की इंजिनावरच्या स्थिर पॉइंटरसमोर रिंगवर खूण करा. मग उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन खुणांमधल्या लहान अंतराचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा. जुनी खूण तिथे नसेल, तर रिंग बहुधा सरकली आहे. साइड व्हॉल्व्हच्या इंजिनात प्लग बहुतेकदा व्हॉल्व्हच्या वर असतो, तिथे हा उपाय वापरू नका.

डॅम्पर काढताना पुलर हबलाच लावा. बाहेरच्या रिंगला ओढलं की रबर फाटतं. पावडर कोटिंगच्या भट्टीत तर तो घालूच नका, तिथल्या उष्णतेने रबर खराब होतं. आणि डॅम्परऐवजी साधी हलकी पुली बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळा. आयडलला फरक जाणवणार नाही, पण वेग वाढल्यावर तो सगळा पीळ क्रँकशाफ्टलाच सोसावा लागेल.