बर्फाच्या पंचांगावर फुलणारे खोरे

हिमालयातील फुले पाहायला जायचे ठरले की पहिला प्रश्न तारखेचा निघतो. रेल्वेचे आरक्षण, कार्यालयातील रजा आणि मुलांची शाळा यांचा मेळ घालायचा असल्याने "नेमक्या कोणत्या आठवड्यात सगळ्यात जास्त फुले असतात?" असे विचारले जाते, आणि जाऊन आलेला प्रत्येक जण त्याचे वेगळे उत्तर देतो. एकाला जुलैच्या मध्यावर खोरे भरून फुललेले दिसलेले असते, तर दुसऱ्याने त्याच आठवड्यात, पण दुसऱ्या वर्षी, अर्धवट उमललेले उतार पाहिलेले असतात. दोघेही खरेच सांगत असतात. आपल्याकडे कास पठारावर किती आणि कधी फुले येणार हे पाऊस ठरवतो. तीन हजार मीटरच्या वर मात्र हा कारभार बर्फाच्या हाती असतो. हिवाळ्यात साचलेला बर्फ कोणत्या जागेवरून कोणत्या दिवशी हटला, यावर तिथल्या प्रत्येक रोपाचा वसंत सुरू होतो. हे एकदा ध्यानात आले की फुलांच्या वाटेवरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ८७ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या मधून पुष्पावती नदी वाहते. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत गाडी जाते आणि तिथून नऊ-दहा किलोमीटर चढल्यावर घांघरिया येते. मुक्काम इथेच करावा लागतो, कारण उद्यानात रात्री राहायला परवानगी नाही. १ जूनला दार उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. म्हणजे महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी संपत आली की इथला उन्हाळा सुरू होतो, आणि तोही भर पावसात. छत्री आणि रेनकोट घेऊन 'उन्हाळी' फुले पाहायला जाणे आपल्याला जरा गमतीचेच वाटते.

या खोऱ्याला जगभर पोचलेले नाव फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकामुळे मिळाले. १९३१ मध्ये ७,७५६ मीटर उंचीचे कामेत शिखर सर करून त्याची तुकडी भ्यूंडार खिंडीतून या बाजूला उतरली. १९३७ मध्ये केवळ फुलांसाठी तो परत आला आणि पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक निघाले. ते वाचून जोन मार्गारेट लेग ही वनस्पतींची अभ्यासक १९३९ मध्ये इथे आली आणि फुले गोळा करताना कड्यावरून घसरून मरण पावली. तिची समाधी खोऱ्यातच आहे. अर्थात भ्यूंडार आणि पुलना या गावांतील मेंढपाळांना हे कुरण कोणी शोधून द्यावे लागले नव्हते. अशा उंचावरच्या कुरणांना गढवालीत 'बुग्याल' असा स्वतःचा शब्दच आहे.

घांघरियाहून निघाल्यावर देवदाराच्या जातकुळीतले उंच सूचिपर्णी वृक्ष मागे पडतात, मग पांढुरक्या सालीचे भूर्ज दिसू लागतात. जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रावर लिहिल्या गेल्या, ती याच झाडाची साल. भूर्जही संपले की मोकळे उतार लागतात. झाडे एका ठरावीक उंचीवर का थांबतात, याचे उत्तर मुख्यतः तापमानात आहे. वर जाताना दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते, आणि वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास घसरले की झाडाला नवे लाकूड तयार करणे जमत नाही. उंच उभ्या झाडाचा शेंडा थंड हवेतच असतो. जमिनीलगत पसरलेले झुडूप मात्र त्या हवेत राहतच नाही. ऊन पडलेल्या दिवशी खडकाच्या कडेच्या गादीसारख्या रोपावर तळहात ठेवून पाहिला तर हे लगेच कळते: कानाला गार वारा झोंबत असतो आणि हाताला ऊब लागते. दोन बोटे उंचीचे हे रोप आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक उबदार असू शकते.

हिवाळ्यात हीच ऊब बर्फ टिकवतो. आपल्याला बर्फ म्हणजे गारठा वाटतो. रोपांच्या लेखी तो पांघरूण आहे. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असल्याने तो उष्णतारोधक असतो, आणि बाहेर उणे वीस अंश असले तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपासच राहते. ज्या कडेकपारींवरून वारा बर्फ उडवून नेतो तिथे रोपांना खरी थंडी सोसावी लागते. म्हणूनच उघड्या धारेवर आणि तिच्यापासून वीस पावलांवरच्या खळग्यात वेगवेगळ्या वनस्पती असतात.

खोऱ्यातल्या घळींमध्ये हिमस्खलनाने आलेला बर्फ जुलै-ऑगस्टपर्यंत पडून असतो. वाटाडे त्यालाही 'ग्लेशियर' म्हणतात. भूशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही, पण ज्याला त्यावरून पाय न घसरता पलीकडे जायचे आहे त्याने वाद घालू नये. या मळकट बर्फाची कड मात्र थांबून पाहावी. कडेला लागून गेल्या वर्षीचे तपकिरी, चापून बसलेले गवत असते. वीतभर अंतरावर मातीतून लालसर, मुठी वळल्यासारखे कोंब वर आलेले असतात. आणखी एक-दोन पावलांवर प्रिम्युलाचे जांभळे झुबके किंवा पिवळीधमक कॅल्थाची फुले दिसतात. त्यापलीकडे जिरेनियम फुलावर असते, आणि दहा-बारा पावलांवर, जिथला बर्फ फार आधी गेला, तिथे बी धरायला लागलेले असते. महिना-दीड महिन्याचा काळ असा जमिनीवर आडवा पसरलेला असतो. तारीख एकच, पण बर्फाच्या कडेला अजून वसंत चालू आहे आणि उन्हाच्या उतारावर शरदाची चाहूल लागली आहे. जाऊन आलेल्यांची उत्तरे वेगळी का पडतात, ते इथे डोळ्यांना दिसते.

इतक्या थोड्या दिवसांत कोंब, कळी, फूल आणि बी हा सगळा पल्ला गाठायचा तर आयत्या वेळी तयारी करून चालत नाही. त्यामुळे बहुतेक उच्चपर्वतीय वनस्पती पुढच्या वर्षाच्या कळ्या या वर्षीच तयार करून मातीत किंवा मातीलगत जपून ठेवतात. बिस्टॉर्टा व्हिव्हिपारा नावाची एक लहानशी वनस्पती हिमालयापासून आर्क्टिकपर्यंत आढळते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पर्वतांत तिचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, तिची पाने आणि फुलोरा अंकुरल्यापासून पूर्ण वाढायला चार वर्षे लागतात. बोटभर रोपाच्या पोटात एकाच वेळी चार वर्षांच्या पिढ्या ओळीने वाढत असतात. निळ्या पॉपीची, म्हणजे मेकोनॉप्सिस अॅक्युलिएटाची, तऱ्हा आणखी वेगळी. ही काटेरी वनस्पती काही वर्षे नुसत्या पानांच्या चक्राच्या रूपात अन्न साठवत राहते, एकदाच फुलते आणि बी टाकून मरून जाते.

ब्रह्मकमळाबद्दल मराठी वाचकाला एक खुलासा करायला हवा. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत पावसाळ्यातील एखाद्या रात्री जे पांढरेशुभ्र फूल उमलते, ज्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून आरती होते, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील एका निवडुंगाचे फूल आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ हे सूर्यफुलाच्या कुळातले असून ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. त्यासाठी खोरे सोडून हेमकुंड या शिखांच्या तीर्थक्षेत्राच्या, चार हजार मीटरपलीकडच्या चढावर जावे लागते. वरून दिसणाऱ्या फिकट हिरवट-पिवळ्या पाकळ्या या खरे तर पाकळ्या नसून कागदासारखी पातळ पाने आहेत. आत डोकावले तर जांभळट फुलांची गच्च बांधलेली गड्डी दिसते. ही पाने उजेड आत येऊ देतात, ऊब अडवतात आणि पावसापासून पराग वाचवतात. शेतकरी पॉलीहाऊस बांधतो ते याच कल्पनेने. याचाच भाऊबंद असलेल्या फेनकमळाने दुसरी युक्ती केली आहे: ते पांढऱ्या लोकरीत स्वतःला गुंडाळून घेते.

ऊब ही भुंग्यांचीही गरज असते. उंचावर बंबलबी जातीचे केसाळ भुंगे परागीभवनाचे मोठे काम करतात. उडण्यापूर्वी छातीचे स्नायू थरथरवून ते शरीर तीस अंशांच्या आसपास तापवून घेतात, म्हणून ढगाळ, गार सकाळीही ते कामावर असतात. ऑगस्टमध्ये खोऱ्यात जी गुलाबी लाट उसळते ती बऱ्याच अंशी रानतेरड्याची असते, आणि त्याच्या थैलीसारख्या फुलात भुंगा पूर्ण शिरून पाठीवर पराग घेऊन मागे सरकत बाहेर येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. इथे तो तीन-चार आठवडे टिकतो, कारण खालच्या आणि वरच्या उतारांची पाळी एकामागून एक येत जाते.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. २००५ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या जोडीने खोऱ्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. चराईबंदीनंतरचा वाद अमेला या उंच, दाट वाढणाऱ्या वनस्पतीचा आहे. ती लहान रोपांवर सावली धरते, आणि वनखात्याला ती उपटून काढावी लागते. मेंढ्या गेल्यामुळे ती माजली की तिच्या पसरण्याची कारणे वेगळी आहेत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते 'माणूस आणि मेंढी बाहेर काढली की निसर्ग आपोआप सावरतो' हे गृहीतकच फार सोपे आहे. औषधी मुळ्यांची उपटाउपट मात्र निःसंशय घातक आहे. आपल्याकडे बाळगुटीत उगाळले जाणारे अतिविष, काष्ठौषधींच्या दुकानातील कुटकी आणि जटामांसी यांचे घर याच उंचीवर आहे. मुळी काढली की वर्षानुवर्षांची साठवण गेली, आणि थंडीत सावकाश वाढणारे रोप ती लवकर भरून काढू शकत नाही.

हवामान तापू लागले तर बर्फाच्या या पंचांगाचे काय होते, याची सर्वांत चिकाटीने ठेवलेली नोंद कोलोरॅडोतील गॉथिक या ओस पडलेल्या खाणगावात आहे. तिथे १९२८ पासून रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी ही संस्था आहे, आणि डेव्हिड इनूये यांनी १९७३ पासून ठरलेल्या चौकोनांतील फुले उन्हाळाभर मोजण्याचा क्रम सुरू केला. जवळजवळ चार दशकांच्या मोजणीतून फुलांचा हंगाम सुमारे ३५ दिवसांनी लांबल्याचे दिसले. ऐकायला हे चांगले वाटते. पण बर्फ लवकर गेला की पांघरूणही लवकर जाते, आणि वसंतातील कडाक्याच्या रात्री मात्र पूर्वीसारख्याच येत राहतात. सूर्यफुलाच्या नात्यातील हेलिएन्थेला या फुलाच्या १९९२ ते १९९८ या काळात सरासरी ३६ टक्के कळ्या गारठून मेल्या. १९९९ ते २००६ या काळात हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेले.

तेव्हा तारखेच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते: जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा काळ पुष्पावतीच्या खोऱ्यासाठी बहुधा चुकत नाही. हिवाळ्यात बर्फ उशिरापर्यंत पडला असेल तर पुढचा आठवडा धरावा, कमी पडला असेल तर आधीचा. आणि पोचल्यावर खालचा उतार ओसरलेला दिसला तर परत न फिरता एखाद्या घळीत उरलेला मळकट बर्फ नजरेने हेरावा, वाटाड्याला विचारून वाट न सोडता जितके जाता येईल तितके त्याच्या कडेला जावे, आणि तिथे खाली वाकून पाहावे.