मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : वस्तीतल्या वेगवेगळ्या धर्मांच्या रहिवाशांना आणि त्या भागातल्या पोलिसांना नियमित एकत्र बसवून जातीय दंगल टाळण्याची पद्धत. ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत १९८०च्या दशकाअखेर तिची घडी बसली, पुढे मुंबईने ती आपल्या परीने उचलली.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. इथे कोकणी मुसलमान आहेत, आगरी आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलुगू पद्मशाली आहेत. माग एकाचा, सूत दुसऱ्याचे, चालवणारा तिसराच, असा इथला व्यवहार. संचारबंदी लागली की सगळ्यांचीच रोजी बुडते. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली आणि चौकशीसाठी न्या. मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा जळाले.

शांतता समित्या तेव्हाही होत्या. सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी जमत, चहा होई, आवाहन निघे आणि मंडळी पांगत. ज्या गल्लीत पहिला दगड पडतो, तिथे त्यांना कोणी ओळखत नसे. भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी नेमके हेच उलटे केले. शहराचे लहान भाग पाडून सत्तरच्या आसपास समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली आणि समितीची जबाबदारी त्या भागातल्या पोलिसावर टाकली. एरवी फक्त हुकूम झेलणारा शिपाई इथे वस्तीशी बोलणारा माणूस झाला. माझ्या मते या प्रयोगाचा खरा गाभा हाच आहे.

बैठकीत एकतेवर भाषणे करण्यापेक्षा दारापुढचे प्रश्न घेणे महत्त्वाचे असते : तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, घरमालक आणि भाडेकरू, भोंग्याचा आवाज, मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची आणि मशिदीसमोर ताशा कधी थांबवायचा. नळावर दोन बायकांचे वाजले आणि एक हिंदू, दुसरी मुसलमान असली, तर संध्याकाळपर्यंत ते दोन समाजांचे भांडण होऊ शकते. ते सकाळीच मिटवायचे. अफवेचेही तसेच. ‘पलीकडच्या मोहल्ल्यात माणूस कापला’ असे कानावर आले, तर पलीकडे ज्याच्याशी आपण गेल्या आठवड्यात शेजारी बसून बोललो, त्यालाच जाऊन विचारता येते. ही ओळख दंगलीच्या दिवशी करून घेता येत नाही, ती आधीच असावी लागते.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसे मेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. जेमतेम दीड तासावरची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र त्या दिवसांत शांत राहिली. हे श्रेय एकट्या समित्यांचे नसेल, पण त्यांच्यावाचून हे घडले असते असे मानणे अवघड आहे.

मुंबईत १९९४ पासून माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. पोलीस आणि वस्तीतली तरुण पोरे यांचे क्रिकेटचे सामने हा तिचा लोकप्रिय उपक्रम. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने याच कामाला वाहून घेतले. वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातली मुले आणि ‘हम सब एक हैं’ ही ओळ असलेले त्यांचे भित्तिपत्रक गाजले.

या पद्धतीला कायद्याचे पाठबळ नाही. ती अधिकाऱ्याच्या आस्थेवर चालते आणि त्याची बदली झाली की बैठका लांबतात, मग बंद पडतात. जुलै २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून उद्रेक झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. या वेळी भांडण हिंदू-मुसलमानांचे नव्हते. समितीने ज्यांना एका सतरंजीवर बसवले होते, त्या पोलीस आणि रहिवाशांमध्येच ते पेटले होते.