डिजिटल इनपुट मॉड्यूल

डिजिटल इनपुट मॉड्यूल : यंत्रावरील स्विच, सेन्सर किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) यांची चालू-बंद स्थिती वाचून ती ० किंवा १ या रूपात नियंत्रकाला (पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरला) पोचवणारा भाग. कारखान्यात याला ‘डीआय कार्ड’ किंवा नुसते ‘इनपुट कार्ड’ म्हणतात. जाळ्यावर (नेटवर्कवर) चालणाऱ्या यंत्रणेत हे कार्ड यंत्राजवळच्या पॅनेलमध्ये बसते आणि मोडबस, प्रोफिनेट, इथरकॅट अशा एखाद्या प्रोटोकॉलने (संवादाच्या ठरलेल्या पद्धतीने) नियंत्रकाशी बोलते. एका कार्डावर बहुधा ८, १६ किंवा ३२ चॅनेल (प्रत्येकी एक संकेत वाचणाऱ्या वाटा) असतात. कोकणात रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम, तारापूर येथील रासायनिक कारखाने, न्हावा-शेवा बंदर आणि रत्नागिरीचे मासळी प्रक्रिया उद्योग अशा ठिकाणी ही कार्डे वापरात आहेत.

उगम : नियंत्रकाचा जन्म १९६८चा धरावा की १९६९चा, यावर एकमत नाही. रिलेंच्या पॅनेलला पर्याय हवा म्हणून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८मध्ये आपली गरज मांडली. रिचर्ड मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सचा मॉडिकॉन ०८४ साधारण १९६९मध्ये पुढे आला. मॉर्ली यांचे मूळ टिपण मात्र १ जानेवारी १९६८चे मानले जाते. डिजिटल इक्विपमेंटचा पीडीपी-१४ त्याच काळातला असून ॲलन-ब्रॅडलीच्या ओडो स्ट्रुगर यांचे नावही जनकांमध्ये घेतले जाते. जाळ्यावरच्या इनपुटचा आरंभ काही जण १९७९च्या मोडबसपासून धरतात. परंतु मोडबसचा रोख सुरुवातीला मुख्यतः नियंत्रकांशी संवाद साधण्यावर होता. प्रत्यक्ष यंत्राजवळची कार्डे एका केबलवर आणण्याचा खुला प्रयत्न इंटरबस आणि प्रोफिबस या जाळ्यांमुळे साधारण १९८७पासून दिसतो, म्हणून तो काळ अधिक ग्राह्य वाटतो.

रचना व विद्युत मर्यादा : टर्मिनलवर आलेला २४ व्होल्ट डीसी संकेत प्रवाहमर्यादा घालणाऱ्या मंडलातून ऑप्टोकप्लरला (प्रकाशाने संकेत पलीकडे नेऊन दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणाऱ्या भागाला) आणि तेथून फिल्टरमार्गे जाळ्याच्या चिपला मिळतो. आयईसी ६११३१-२ या मानकात इनपुटचे प्रकार ठरवले आहेत. प्रकार १मध्ये १५ ते ३० व्होल्ट आणि किमान २ मिलिअँपिअर असता १ धरला जातो. प्रकार २ला ११ व्होल्ट व ६ मिलिअँपिअर लागतात. आज सर्रास मिळणाऱ्या प्रकार ३ला ११ व्होल्ट व २ मिलिअँपिअर पुरतात. या प्रकारात व्होल्टता ५च्या आत किंवा प्रवाह १.५ मिलिअँपिअरच्या आत असेल तर ० धरला जातो. पीएनपी (प्रवाह देणाऱ्या) सेन्सरला प्रवाह शोषणारे (सिंक) इनपुट लागते, एनपीएनला (प्रवाह ओढणाऱ्याला) उलट. ज्वालाग्राही द्रावकांच्या विभागात ८.२ व्होल्टचे नामूर सेन्सर वापरतात. त्यांत तुटलेली तार आणि शॉर्ट वेगळे ओळखता येतात.

किनारपट्टीवरील वर्तन : येथे बहुतेक तक्रारींचे मूळ टर्मिनलवरच्या या दोन-तीन मिलिअँपिअरमध्ये असते, दोष मात्र आधी जाळ्याला दिला जातो. खारे दमट वारे जंक्शन बॉक्समध्ये शिरले की टर्मिनलांमध्ये क्षाराचा ओलसर थर बसतो. २४ व्होल्ट आणि संकेताचे टर्मिनल यांच्यामधला रोध ८ किलोओहमवर उतरला, तर स्विच उघडा असूनही १.५ मिलिअँपिअर प्रवाह आणि सुमारे १२ व्होल्ट कार्डाला मिळू शकतात. एवढ्यावर कार्ड ० दाखवील की १, याची हमी मानक देत नाही. पावसात टाकी रिकामी असताना ‘हाय लेव्हल’ (टाकी भरल्याची सूचना) येते ती यामुळे.

दुसरा दोष याच्या नेमका उलट. लिमिट स्विच किंवा फ्लोट स्विचच्या चांदीच्या काँटॅक्टवर गंधकाच्या वायूमुळे काळा थर चढतो. खाडीच्या चिखलातून आणि रासायनिक वसाहतीतून असे वायू येतच असतात. जुन्या ११० किंवा २३० व्होल्टच्या मंडलात हा थर व्होल्टतेमुळे फुटायचा. २४ व्होल्ट आणि २ मिलिअँपिअरला तो दाद देत नाही, मग काँटॅक्ट मिटूनही संकेत लुकलुकतो. सोन्याचा मुलामा असलेले काँटॅक्ट यावर चांगले. पण त्यांच्यावरून एकदा काँटॅक्टरची (मोटारी चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवली की मुलामा जळतो आणि मग ते इनपुटसाठी भरवशाचे राहत नाहीत.

दोन्ही दोषांवर एक साधा उपाय आहे : कार्डाजवळ संकेत आणि ० व्होल्ट यांच्यामध्ये २.२ किलोओहम, १ वॉटचा रोधक. काँटॅक्टमधून ११ मिलिअँपिअर जास्त वाहतात, आणि ८ किलोओहमच्या गळतीची व्होल्टता सुमारे ५वर येते. १६ चॅनेलना बसवले तर पुरवठ्यावर १७५ मिलिअँपिअर आणि पॅनेलमध्ये ४ वॉट उष्णता वाढते, तेवढी सोय आधी करावी. नामूर किंवा तार-तुटीची देखरेख असलेल्या चॅनेलला हा रोधक लावू नये.

बंद हंगाम फार वाईट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आंब्याचे कॅनिंगही पाऊस लागला की आवरते. त्या काळात मेन स्विच पाडला की पॅनेल थंड पडून आत दव धरते. म्हणून पॅनेलमधल्या हीटरला वेगळा पुरवठा द्यावा, ग्लँड (केबल आत घेण्याची घट्ट तोंडे) खालूनच घ्यावेत, मोकळी भोके प्लगने बंद करावीत (पाली आणि मुंग्या तेथूनच शिरतात) आणि कोटिंग केलेली कार्डे घ्यावीत.

एसी इनपुट : लांब मल्टिकोर केबलमध्ये शेजारच्या तारेतून धारितेमुळे प्रवाह येतो. केबलच्या दर मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ५०० मीटरला ५० नॅनोफॅरड होतात; २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला हा प्रवाह ३.६ मिलिअँपिअर भरतो. एवढ्यावर स्विच उघडा असतानाही इनपुट १ दाखवू शकते.

वेळ : मोडबस आरटीयूवर (मोडबसच्या सिरियल केबलवरच्या प्रकारात) ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) १६ इनपुट वाचायला विनंतीचे ८ आणि उत्तराचे ७ बाइट लागतात. प्रत्येकी ११ बिट धरून १७ मिलिसेकंद, दोन संदेशांमधले शांततेचे अंतर मिळवून २५. अशी २० कार्डे असली तर एक फेरी अर्ध्या सेकंदाची. कॅनिंगच्या लाइनवर डबे असे मोजू नयेत. कार्डातच मोजणारे काउंटर मॉड्यूल घ्यावे आणि जाळ्यावरून फक्त बेरीज वाचावी. जाळे तुटल्यावर प्रोफिनेटमध्ये माहिती ग्राह्य की अग्राह्य हे कळते. मोडबसमध्ये ती तपासणी प्रोग्रामात लिहावी लागते, नाहीतर शेवटचे मूल्य तसेच राहते. ट्रिपचे (धोक्यात यंत्र थांबवणारे) काँटॅक्ट नेहमी मिटलेले (एनसी) ठेवावेत, म्हणजे तार तुटली तरी ट्रिपच मिळते. दोन इमारतींमध्ये केबल न्यायची असेल तर फायबर घालावी. वळवाच्या विजांत तांब्याच्या केबलवरची कार्डे ओळीने जातात.

तपासणी : व्होल्टमीटर संकेत आणि ० व्होल्टवर लावावा. २४ व्होल्ट असून कार्डावरचा त्या चॅनेलचा दिवा लागत नसेल तर आधी कार्डाचा कॉमन (सामाईक टोक) सुटला आहे का ते पाहावे. दिवा लागतो पण प्रोग्रामात ० दिसतो, तेव्हा पत्ता किंवा जाळे तपासावे. मीटर ६ ते १४ व्होल्ट दाखवत असेल तर स्विचकडची तार काढावी : व्होल्टता तशीच राहिली तर गळती कार्डाच्या बाजूला, पडली तर जंक्शन बॉक्स, केबल किंवा स्विचमध्ये. काही कार्डांत दिवा ऑप्टोकप्लरच्या पलीकडून चालतो, त्यामुळे दिवा विझलेला आहे एवढ्यावरून टर्मिनलवर व्होल्टता नाही असे मानू नये.