‘सुटली बाई’ म्हणण्याआधी

‘पाळी गेली ना? सुटलीस बाई!’ हळदीकुंकवात, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत हे वाक्य सारखं कानावर येतं. या समजुतीनं आपल्या मराठवाड्यात फार नुकसान केलं आहे. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीमुळे कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, ओटीपोट दुखणार, त्यात डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातलेली. पिशवी काढली की कटकट मिटली, असा हिशेब. पुढे चर्चा झाली ती पैशाची आणि कंबरदुखीची. या बायकांच्या मनाचं काय झालं, हे फार थोड्यांनी विचारलं.

पाळी येते गर्भाशयातून, पण तिचा कारभार बीजकोश (अंडाशय) आणि मेंदू मिळून चालवतात. बीजकोशांत तयार होणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, रक्तातून मेंदूत पोचतात. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर मनाचा तोल बराच अवलंबून असतो. इस्ट्रोजेन ते तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जोर देतं आणि ते मोडणाऱ्या विकराला आवर घालतं.

मला स्वतःला जास्त विलक्षण वाटते ती प्रोजेस्टेरॉनची गोष्ट. मेंदूत त्याचं रूपांतर ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाच्या रेणूत होतं. मेंदूच्या पेशींवर ‘गाबा-ए’ नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे जणू छोटी दारं, असतात. ते उघडले की क्लोराइडचे आयन आत येतात आणि पेशी शांत होते. झोपेच्या आणि घबराटीच्या बऱ्याच गोळ्या याच ग्राहकांवर काम करतात. ॲलोप्रेग्नॅनोलोन हे ग्राहक जास्त वेळ उघडे ठेवतं, म्हणजे शरीर स्वतःच स्वतःचं शामक बनवत असतं. पाळी कायमची जाण्याआधीच्या चार-पाच वर्षांत मात्र काही महिन्यांत बीज बाहेरच पडत नाही. बीज नाही तर प्रोजेस्टेरॉन फारसं नाही, आणि ते नाही तर त्या महिन्यात हे शामकही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा भरपूर. या चढउतारांप्रमाणे ग्राहकांनाही आपल्या घटकांची जुळणी बदलावी लागते. काही जणींच्या मेंदूला ते वेळेवर जमत नाही. मग कारण नसताना छातीत धडधड, जीवाची घालमेल, ताट जरा वाजलं तरी संताप.

म्हणजे संप्रेरक कमी होण्यापेक्षा त्याचं वरखाली होणं जास्त छळतं. शेतातली मोटार जळते ती व्होल्टेज सारखं कमी-जास्त झाल्यामुळे, तसंच हे. आणि सगळ्यांचे मेंदू सारखे नसतात. 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचं औषध त्यांना न कळता थांबवलं. ज्यांना या वयात आधी नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यातल्या अनेकींची लक्षणं परतली. ज्यांना कधीच नव्हतं, त्यांना काही झालं नाही. इस्ट्रोजेन दोन्ही गटांत सारखंच उतरलं होतं. म्हणून ‘मला नाही बाई असं काही झालं’ म्हणणारी जाऊ खोटं बोलत नसते आणि रडणारी नाटक करत नसते. बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी जिचं मन ढासळायचं, तिनं जास्त जपावं.

भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. ऑपरेशनमध्ये दोन्ही बीजकोश काढले तर हा बदल वर्षांचा न राहता दोन-चार दिवसांचा होतो, आणि मनाला बसणारा धक्काही मोठा असतो. नुसती पिशवी काढली तरी बीजकोश लवकर थकण्याची शक्यता वाढते. आपलं नेमकं काय काढलं, हे अनेकींना माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांकडून किंवा आशाताईंकडून तेवढं वाचून घ्या.

रात्री दोनला घामानं भिजून उठलेली, पदर बाजूला सारून ओट्यावर वारा घेत बसलेली बाई दुसऱ्या दिवशी चिडली की ‘बाहेरचं आहे’ म्हणून अंगारा-उतारा सुरू होतो. तिला देवऋषाकडे नेऊन मारहाण करवणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ‘हार्मोन बॅलन्स’च्या महागड्या पावडरींनाही मी त्याच रांगेत बसवते. कुठलीही पावडर बीजकोशांना तरुण करत नाही. पंचेचाळिशीनंतर एकदाच केलेल्या संप्रेरकांच्या तपासणीतूनही फारसं कळत नाही, कारण ते आकडे रोज बदलतात. त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. त्यांच्या बिघाडानंही अशीच मरगळ येते.

उपचार आहेत. समुपदेशनातली विचार-वर्तन पद्धत झोप आणि मन दोन्हींना उपयोगी पडते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी काहींच्या अंगातल्या वाफाही कमी होतात. 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर संप्रेरक उपचारांची धास्ती बसली. पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास बराच असेल तर बहुतेकींना त्यांचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, हे आता स्पष्ट झालं आहे. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर मात्र ते सहसा देत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

दुष्काळ, कर्ज, मुलीचं लग्न, नवऱ्याची आत्महत्या हे ओझं संप्रेरकांच्या खात्यावर टाकता येणार नाही. तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. जिल्हा रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलमध्ये मनोविकार विभाग आहे. तिथं पाळीच्या तारखा, झोपेचे तास आणि चालू गोळ्या कागदावर लिहून न्या. ‘जगावंसं वाटत नाही’ असं ती म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं, अगदी उसाच्या फडातूनही.